पाणथळीतली अनोळखी वनस्पती ओळखायची कशी?

आफ्रिकेतल्या करिबा जलाशयावर १९६०च्या आसपास एका तरंगत्या नेच्याने मैलोन्‌मैल थर धरला होता. तो साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा आहे असं धरून चालून त्या वनस्पतीवर जगणारे कीटक दक्षिण अमेरिकेतून आणले गेले. सोडले, वाट पाहिली, पण नेच्याला फारसा फरक पडला नाही. १९७२ साली मिचेल या अभ्यासकाने दाखवून दिलं की ही प्रजातीच वेगळी आहे, आणि तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव मिळालं. मग तिचं मूळ ठिकाण शोधायची धडपड सुरू झाली. ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथला एक सोंडकिडा १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, आणि साधारण वर्षभरात तिथला थर जवळजवळ नाहीसा झाला. गंमत म्हणजे त्या किड्याचीही ओळख आधी चुकलेली होती. तोही नवीनच प्रजातीचा निघाला!

ओळख चुकली की पुढचं सगळं चुकतं, ते असं. तरी माझा आग्रह उलटा आहे: नावाची घाई करू नका. पाणथळीत नवखा माणूस पहिल्या मिनिटाला नाव शोधायला लागतो, आणि एकदा नाव डोक्यात बसलं की पुढे त्याला तेवढंच दिसतं. आधी वनस्पती नीट पाहून, लिहून घ्यायची. नाव शेवटी.

सोबत काय घ्यायचं

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पेन्सिल (शाईचं लिखाण ओलं झालं की गेलं), धारदार पातं, काही प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक पांढरा उथळ ट्रे. या ट्रेला लोक हसतात, पण पाण्याखालची वनस्पती बाहेर काढली की तिचा नुसता लगदा होतो. ट्रेमध्ये बोटभर पाणी घेऊन त्यात ती सोडली की पानं पुन्हा पसरतात आणि मांडणी दिसते. भिंग वापरताना ते डोळ्याजवळ धरायचं आणि वनस्पती भिंगाजवळ आणायची. बहुतेक जण भिंग पानावर धरून लांबून वाकून बघतात. तसं काहीच नीट दिसत नाही.

एकट्याने जाऊ नका. चिखलात पाय टाकण्याआधी काठीने खोली पाहा, हातापायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. आणि संरक्षित क्षेत्र असेल तर काहीही तोडण्याआधी परवानगी घ्या.

पहिली पायरी: ती उभी कुठे आहे?

वनस्पतीला हात लावण्याआधी तिची जागा लिहा. तिचं मूळ ओल्या काठावर आहे, की मूळ पाण्यात आणि अंग पाण्याबाहेर आहे? मूळ तळाशी रुजलेलं आणि पानं तेवढी पाण्यावर टेकलेली आहेत, की सगळीच वनस्पती मोकळी तरंगते आहे, की पूर्ण बुडालेली आहे? या एका नोंदीनेच शक्यता कितीतरी कमी होतात. तरंगते आहे असं वाटलं तर हळूच ओढून पाहा. मोकळी असेल तर मुळांसकट हातात येते, रुजलेली असेल तर ताण जाणवतो.

पाण्याची खोली, पाणी वाहतं की साचलेलं, तळ चिखलाचा की वाळूचा, सांडपाणी मिसळतंय का, हेही टिपून ठेवा. एक सावधगिरी मात्र बाळगा. पाणी वर्षभर वरखाली होत असतं. आज कोरड्या चिखलात उभी असलेली वनस्पती दोन महिन्यांपूर्वी बुडालेली असू शकते, आणि त्यानुसार तिचं रूपही बदलतं. सॅजिटेरियाची बुडालेली पानं फितीसारखी लांब असतात आणि पाण्याबाहेरची बाणाच्या टोकासारखी. एकाच झाडावर दोन्ही असतात! त्यामुळे एक पान तोडून घरी नेलं आणि त्यावरून ओळख पटली, असं पाणथळीत क्वचितच होतं.

दुसरी पायरी: खोड आणि पानांची मांडणी

फुलाकडे नजर आधी जाते हे खरं, पण फूल वर्षातले थोडेच दिवस असतं. खोड कायम असतं. ते गोल आहे की चौकोनी की त्रिकोणी, हे बोटात फिरवून पाहा. मग पात्याने आडवं कापा: पोकळ आहे, भरीव आहे, की आत पांढरा मऊ गाभा आहे? पाण्यातल्या खोडांमध्ये हवेच्या पोकळ्या असणं नेहमीचंच, कारण चिखलातल्या मुळांपर्यंत प्राणवायू त्यांतूनच पोचतो. तेव्हा नुसतं ‘स्पंजासारखं’ लिहून भागत नाही. पोकळी एकच मोठी आहे की बारीक बारीक अनेक आहेत, मध्ये आडवे पडदे आहेत का, हे लिहा.

पानं एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की एका पेराभोवती तीन-चार किंवा जास्त आहेत? शिरा समांतर की जाळीदार? पान खोडाला जिथे चिकटतं ती जागा भिंगातून अवश्य पाहा. निम्मी गुपितं तिथेच असतात. पेराभोवती पातळ पापुद्र्याची नळी दिसली तर ती वनस्पती बहुधा पॉलिगोनेसी कुळातली, म्हणजे पर्सिकॅरियाच्या गोतातली. त्या नळीच्या काठावर लांब केस आहेत की नाहीत, यावरून पुढे प्रजातीही वेगळ्या करता येतात.

गवत, लव्हाळं की आणखी काही

नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. पाणथळीतली निम्मी हिरवाई लांबून गवतच वाटते आणि ‘कसलंतरी गवत’ म्हणून सोडून दिली जाते. जवळून पाहिलं तर वेगवेगळी कुळं सहज सुटी होतात.

खऱ्या गवताचं खोड गोल असतं, त्यावर फुगीर पेरं असतात आणि पेरांमधला भाग बहुतेकदा पोकळ असतो. पानं दोन रांगांत लागतात. पानाचा खालचा भाग खोडाला गुंडाळलेला असतो, पण त्याची कडा उभी उघडी असते. नखाने ती सोडवता येते. पातं आणि हा गुंडाळलेला भाग जिथे जुळतात तिथे आतल्या बाजूला एक छोटी जिभली असते. ही जिभली पाहायची सवय लावून घ्या. भाताच्या रोपाला लांब पातळ जिभली असते, आणि भातात मिसळून वाढणाऱ्या एकायनोक्लोआ या तणाला ती जवळजवळ नसतेच. कणीस येण्याआधी या दोघांत फरक करायची ही सगळ्यात भरवशाची खूण. फ्रॅगमायटिस या उंच नळाची जिभली म्हणजे बारीक केसांची झालर असते. त्याच्यासारखाच दिसणारा अरुंडो डोनॅक्स मात्र पानाच्या तळाशी कानासारखे पाळे घेऊन खोडाला कवटाळतो.

लव्हाळा, नागरमोथा ही मंडळी सायपरेसी कुळातली. खोड बहुधा त्रिकोणी आणि भरीव, फुगीर पेरं नाहीत, पानं तीन रांगांत, आणि खोडाला गुंडाळलेला भाग पूर्ण बंद नळीसारखा. खोड चिमटीत धरून फिरवलं की तीन धारा बोटाला लागतात. पण ‘त्रिकोणी नाही म्हणजे सायपरेसी नाही’ असं मात्र समजू नका. एलिओकॅरिसचं खोड बहुधा गोल असतं, पानाचं पातं नसतंच, आणि नुसत्या हिरव्या काड्यांच्या टोकाला एकेक छोटं कणीस बसलेलं असतं. त्यातल्या एलिओकॅरिस डल्सिसची काडी दाबली तर आतले आडवे पडदे फुटत जाताना बोटाला कळतात.

पुढच्या पायरीला तुऱ्यातलं एक बारीक कणीस भिंगाखाली घ्या. सायपरसमध्ये त्यावरचे खवले दोन रांगांत, त्यामुळे कणीस चपटं दिसतं. फिंब्रिस्टायलिसमध्ये ते गोलाकार फिरत लागलेले असतात. किलिंगात तुरा नसतोच. एक गोल बोंडुक आणि त्याखाली लांब हिरवी पानं. इथपर्यंत वंश कळतो. प्रजाती सांगायला पिकलेलं बी लागतं, आणि ते नसेल तर कोणी छातीठोकपणे नाव सांगितलं तरी मी विश्वास ठेवत नाही.

जुंकसचं खोड गोल, पेरांशिवाय, आत मऊ गाभा. त्याच्या फुलाला सहा छोटे तपकिरी खवले असतात आणि फळ म्हणजे अनेक बिया असलेलं बोंड. सायपरेसीत एका फुलाला एकच बी, त्यामुळे फळ फोडून पाहिलं की वाद मिटतो.

पाणकणीस म्हणजे टायफा कणीस आल्यावर कोणालाही ओळखू येतं. त्यातही वरचा नर भाग आणि खालचा जाड तपकिरी मादी भाग यांत मोकळी दांडी दिसली तर टायफा अँगस्टिफोलिया किंवा तिच्या जवळची प्रजाती, आणि दोन्ही भाग चिकटून असतील तर बहुधा टायफा लॅटिफोलिया. या दोघींचा संकरही होतो, म्हणून मोकळी दांडी पट्टीने मोजून लिहा. कणीस नसताना पाणकणीस, वेखंड आणि आयरिस यांची लांब पाती एकमेकांत मिसळून जातात. पान चुरगळलं आणि सुगंध आला तर वेखंड. आयरिसची पानं एकाच पातळीत पंख्यासारखी लागतात, वास नसतो, आणि ते विषारी असतं.

तरंगणाऱ्या

जलपर्णी म्हटलं की फुगलेला देठ आठवतो. मोकळ्या पाण्यात तो फुगतोही. पण दाटी झाली की त्याच वनस्पतीचे देठ लांब आणि सडपातळ होतात, फुगा दिसतच नाही, आणि लोकांना ती दुसरीच काहीतरी वाटते. अशा वेळी फूल बघा: जांभळट, सहा पाकळ्यांसारखे भाग, आणि वरच्या भागावर निळ्या कडेचा पिवळा ठिपका. मोनोकोरिया तिची नातेवाईक, पण ती चिखलात रुजते, फुलं निळी असतात आणि पिवळा ठिपका नसतो. शिंगाड्याचाही देठ फुगतो. त्याची पानं मात्र चौकटाच्या आकाराची, दातेरी, आणि खाली लांब खोडाने तळाशी बांधलेली असतात.

पिस्टियाला देठ जवळजवळ नसतो. मखमली लव असलेली, उभ्या शिरांची पानं गुच्छात बसतात. साल्व्हिनियाच्या पानाची वरची बाजू भिंगाखाली पाहण्यासारखी असते. बारीक उंचवट्यांवर केसांचे झुपके असतात. त्यांची टोकं वर एकत्र जुळून छोटा पिंजरा झाला असेल तर ती साल्व्हिनिया मोलेस्टा किंवा तिची अगदी जवळची बहीण. टोकं मोकळी असतील तर नटान्स किंवा मिनिमा. तिची जी ‘मुळं’ वाटतात, तेही खरं तर बदललेलं तिसरं पान असतं.

पाण्यावरचे हिरवे ठिपके म्हणजे शेवाळ, असं समजून सोडून देऊ नका. चिमूटभर उचलून खालची बाजू पाहा. प्रत्येक ठिपक्याला एकच मूळ असेल तर लेम्ना, मुळांचा झुपका आणि बऱ्याचदा तांबूस पाठ असेल तर स्पायरोडेला, मूळच नसेल आणि आकार मिलिमीटरभर असेल तर वोल्फिया. जगातल्या सगळ्यात लहान फुलझाडांत तिची गणना होते. पानं एकमेकांवर खवल्यांसारखी बसलेली असतील, आणि कडक उन्हात किंवा थंडीत लालसर झाली असतील, तर अझोला.

रुजलेल्या पण पानं तरंगणाऱ्यांत कमळ आणि कुमुद यांचा गोंधळ नेहमीचा. कमळाच्या पानाला खाच नसते, देठ मधोमध लागतो, आणि बरीच पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत जाणारी खाच असते. निम्फॉइडिसची पानं कुमुदाचीच लहान आवृत्ती वाटतात, पण बहुतेक प्रजातींत फुलांचा झुपका पानाच्या अगदी जवळून निघतो. चार पाकळ्यांच्या पानाची मार्सिलिया दिसली तर फुलाची वाट पाहत बसू नका. तो नेचा आहे.

बुडालेल्या

इथे ट्रे लागतो. पहिला प्रश्न: एका पेराभोवती पानं किती? एलोडियात बहुधा तीन, एजेरियात बहुधा चार आणि मोठी, हायड्रिलात बहुतेकदा पाच, पण तीनपासून आठपर्यंत काहीही. आकडा एका पेरावर मोजून थांबू नका, निदान पाच-सहा पेरं मोजा. मग फांदी बोटांतून ओढून पाहा. हायड्रिलाच्या पानांच्या कडा खरखरीत लागतात, दाते नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. चिखलात बोटं घालून मुळाशी वाटाण्याएवढी फिकट गाठ सापडली तर शंका उरत नाही.

पानं कंगव्यासारखी चिरलेली असतील तर मिरिओफिलम. दुभंगत गेलेली, किंचित खरखरीत आणि मूळ कुठेच नसलेली असतील तर सेराटोफिलम. चिरलेल्या पानांवर बारीक पिशव्या लटकलेल्या दिसल्या तर युट्रिक्युलॅरिया. त्या पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. आणि हातात कणीदार लागणारी, चुरगळल्यावर उग्र वास येणारी, शिरा नसलेली वनस्पती बहुधा कॅरा असते. ती फुलझाडच नाही, शैवाल आहे.

काठावरच्या रुंद पानांच्या

यांत कुळ ओळखणं सोपं आणि फायद्याचं. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि चुरगळल्यावर वास, या तीन गोष्टी जुळल्या की तुळशीचं कुळ तपासा. तीन निळ्या पाकळ्यांचं फूल होडीसारख्या आवरणातून डोकावत असेल तर केना. पिवळ्या चार-पाच पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या खाली देठासारखा लांबट भाग, जो खरं तर बीजकोश असतो: लुडविजिया. पेरांपेरांवर लांब काटे आणि त्यांच्यातून जांभळी फुलं असतील तर तालिमखाना.

आल्टरनँथेराच्या दोन प्रजाती वेगळ्या करणं शिकून घ्याच. दोघींची पानं समोरासमोर, दोघींची फुलं पांढरी गोंड्यासारखी. सेसिलिसमध्ये गोंडे पानाच्या बगलेत थेट चिकटलेले असतात. फिलॉक्सेरॉइडिसमध्ये ते लांब दांडीवर असतात आणि खोड पोकळ असतं. दुसरी दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेलं चिवट तण आहे.

छत्रीसारखे पांढऱ्या फुलांचे झुपके, पोकळ खोड आणि तळाशी खोडाला गुंडाळलेले पानांचे देठ दिसले की सावध व्हा. गाजर-कोथिंबिरीच्या याच कुळात सिकुटा आहे. उत्तर गोलार्धातल्या सगळ्यात विषारी वनस्पतींत तिची गणना होते आणि ती ओल्या जागीच वाढते. चव घेऊन ओळख पटवायची जुनी खोड पाणथळीत पूर्ण सोडा. खाण्यायोग्य वनस्पतीसुद्धा सांडपाण्यातले जड धातू शोषून बसलेली असू शकते.

फोटो आणि टिपण

एका वनस्पतीचे निदान सहा-सात फोटो हवेत: आजूबाजूच्या जागेसकट पूर्ण वनस्पती, पानाच्या दोन्ही बाजू, पेर जवळून, खोडाचा आडवा छेद, फूल समोरून आणि बाजूनेही, आणि फळ. बाजूचा फोटो लोक हमखास विसरतात. बीजकोश पाकळ्यांच्या वर आहे की खाली, हे त्यातच दिसतं. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा. वास, स्पर्श, चीक आणि तुटल्यावर बदलणारा रंग फोटोत येत नाही. तो जागेवरच लिहा.

आता नाव

फोटोवरून नाव सुचवणारी आयनॅचरलिस्ट, प्लँटनेट, गूगल लेन्स ही अ‍ॅप्स जरूर वापरा, पण त्यांनी दिलेलं पहिलं नाव म्हणजे निकाल नव्हे. ठळक फुलांच्या बाबतीत ही साधनं चांगली चालतात. गवतं, सायपरेसी आणि फूल नसलेल्या बुडालेल्या वनस्पती यांत ती आत्मविश्वासाने चुकतात, कारण तिथला फरक फोटोत नसतोच. सुचवलेल्या तीन-चार नावांची वर्णनं काढा आणि प्रत्येक नाव खोटं ठरवायचा प्रयत्न करा. ‘पान बरोबर जुळतंय’ यापेक्षा ‘जिभली असायला हवी होती, ती नाही’ हा पुरावा मोठा.

त्या भागात ती प्रजाती आढळते का, हेही पाहा. आढळत नसेल तर बहुतेकदा तुमची ओळख चुकलेली असते. क्वचित खरोखरच नवा पाहुणा आलेला असतो, आणि तेव्हा जाणकाराला ताबडतोब कळवायला हवं. नावं बदलतात, हे लक्षात ठेवा. जलपर्णी जुन्या पुस्तकांत आयकॉर्निया क्रॅसिपेस म्हणून सापडेल आणि आता पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस म्हणून. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर सध्याचं मान्य नाव पाहता येतं. स्थानिक नाव अवश्य नोंदवा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ब्राह्मी या एकाच नावाने मांसल पानांची बॅकोपा आणि गोल पानांची सेंटेला, अशा दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात.

जुळलं नाही तर ‘सायपरस, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा, जागेची खूण ठेवा आणि फुला-फळाच्या दिवसांत परत जा.

नमुना जपायचा असेल तर

काठावरची वनस्पती वर्तमानपत्रात पसरून वजनाखाली दाबली की झालं. बुडालेल्या वनस्पतीला वेगळी युक्ती लागते. ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात ती तरंगू द्या, खालून जाड कागद सरकवा, पानं काडीने मोकळी करा आणि कागद एका बाजूने हळूहळू तिरका वर उचला. पाणी निथळतं आणि वनस्पती पसरलेली तशीच कागदावर बसते. वर मलमलचा तुकडा ठेवून मग दाबा. पहिले काही दिवस वर्तमानपत्र रोज बदला, नाहीतर बुरशी येते. तारीख, जागा आणि पाण्याची खोली यांची चिठ्ठी त्याच दिवशी जोडा.

उपटायचं की नाही?

ओळखता येत नाही ते तण, हा हिशेब पाणथळीत फार महागात पडतो. युट्रिक्युलॅरिया किंवा कीटक खाणारा ड्रोसेरा ‘कचरा’ म्हणून काढला जातो, पण या वनस्पती पोषकद्रव्यं कमी असलेल्या स्वच्छ ओलसर जागा दाखवतात. उलट पाणकणीस कितीतरी ठिकाणी मूळचंच, तरी पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढला की ते सगळी जागा व्यापतं. तेव्हा ती बाहेरून आलेली आहे का, दरवर्षी पसरते आहे का, आणि ती पसरावी असं पाण्यात काय मिसळतंय, या तिन्हींची उत्तरं हाताशी असल्याशिवाय उपटायला लागू नका. पसरण्याचा अंदाज डोळ्याने घेऊ नका. ठराविक जागेवरून, ठराविक महिन्यात फोटो काढा आणि पुढच्या वर्षी शेजारी ठेवून पाहा.

उपटायचं ठरलंच तर आधी पसरायची तऱ्हा समजून घ्या. हायड्रिला आणि आल्टरनँथेरा फिलॉक्सेरॉइडिस यांचा एका पेराचा तुकडाही पुन्हा रुजतो. हायड्रिलाच्या गाठी तर चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. घाईने ओढाताण केली की त्याच दिवशी दहा नव्या जागी लागवड होते. काढलेलं सगळं पाण्यापासून लांब, उंच जागी वाळवा.

हेच तुमच्या स्वतःच्या वस्तूंनाही लागू. एका तळ्यातून दुसऱ्याकडे जाण्याआधी बुटांचे तळवे, ट्रे, पिशव्या आणि काठी निरखून पाहा, चिखल तिथेच धुऊन काढा आणि सगळं पूर्ण वाळू द्या. वोल्फिया बुटाच्या खाचेत डोळ्याला दिसतही नाही, म्हणून नुसतं झटकून भागत नाही, ब्रश लागतोच.